चित्रवहीतील चिकटवलेला कागद

रायपूरचा बुढा तालाब म्हणजे शहराच्या मध्यावर पसरलेला एक मोठा, जुना जलाशय होय. त्याला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. कारण स्वामी विवेकानंद बालवयात, १८७७ ते १८७९ च्या सुमारास, आपल्या कुटुंबासह ह्या शहरात राहिले होते. गेल्या पावसाळ्यात माझ्या सोळा वर्षांच्या भाचीने ह्या तलावाचे चित्र आपल्या वहीत रंगविले. पाणी हिरवट निळे, वर ढगांनी भरलेले आकाश आणि काठावर झाडांची काळसर रांग. चित्र बरे साधले होते. परंतु तेवढ्याने तिचे समाधान होईना. तिने आजीच्या जीर्ण नऊवारीचा काठ कापून तलावाच्या कडेला पायऱ्यांसारखा बसविला, पतंगी कागद फाडून पाण्यावर तरंग उठविले, आणि काठावरच्या झाडांच्या पडछायेसाठी काळ्या शाईने गच्च लिहिलेला एक जुना कागद आडव्या पट्ट्यांत कापून पाण्यात चिकटविला. लांबून पाहताना त्या अक्षरांची खरोखरच हलती सावली वाटत होती.

तो कागद म्हणजे माझ्या आईच्या वडिलांनी १९६७ साली नागपूरहून माझ्या आजोबांना लिहिलेले पत्र होते. ते मोडी लिपीत होते. आईच्या ट्रंकेत, तिच्या लग्नातील शालूच्या घडीत, ते इतकी वर्षे जपून ठेवलेले होते. घरात मोडी कोणालाच वाचता येत नसल्यामुळे मुलीला त्यात केवळ सुंदर वळणांची नक्षी दिसली. पट्ट्या चिकटविताना पाण्याने शाई फुटली आणि निम्म्याहून अधिक ओळी जांभळ्या डागांत विरून गेल्या. मुलीला रागावण्यात अर्थ नव्हता. तिला कोणी सांगितलेच नव्हते, आणि चित्राच्या दृष्टीने तिची निवड चुकलीही नव्हती. ह्या प्रसंगामुळेच मला ह्या विषयावर थोडे विस्ताराने लिहावेसे वाटले.

चित्रवही ही संकल्पना आपल्या घरांत नवी असली, तरी अगदीच अनोळखी नाही. शाळेत चिकटवही असे. तीत पाने, पिसे, तिकिटे, वर्तमानपत्रांतील चित्रे चिकटवून खाली माहिती लिहावयाची असे. रोजनिशीही अनेकजण लिहीत. ह्या दोहोंत रंगांची भर घातली की चित्रवही होते. तीत रोजचा दिवस शब्दांनी नव्हे, तर रंगवलेल्या पानाने नोंदविला जातो. ती कोणाला दाखविण्यासाठी नसते, म्हणून हात मोकळा चालतो. आणि हाताशी असलेला कागदाचा कोणताही तुकडा पानावर येऊन बसू शकतो. रंगवलेल्या पृष्ठावर असे तुकडे चिकटवून चित्र पुरे करण्याच्या रीतीला 'कोलाज' म्हणतात. चिकटविणे ह्या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून तो शब्द आला आहे.

कलेच्या इतिहासात ह्या रीतीचा आरंभ १९१२ साली झाला असे सामान्यतः सांगितले जाते. त्या वर्षी पिकासोने एका स्थिरचित्रात खुर्चीच्या वेताच्या विणकामाची छपाई असलेला मेणकापडाचा तुकडा चिकटविला आणि चित्राभोवती चौकटीऐवजी दोर गुंडाळला. त्याच वर्षीच्या शरदात त्याचा स्नेही जॉर्ज ब्राक ह्याला आव्हीन्यों येथील एका दुकानात लाकडाच्या रेषांची छपाई असलेला भिंतीचा कागद दिसला. त्याने तो विकत घेऊन कापला आणि फळांच्या पात्राच्या रेखाचित्रात लाकडाच्या जागी चिकटविला. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ब्राकने तो कागद शोभेसाठी कोठेही लावला नाही. चित्रात जेथे लाकूड असावयाचे, तेथेच लाकडाचा कागद आला. मात्र १९१२ पूर्वी असे काही नव्हते हे म्हणणे मला पटत नाही. जहांगीर बादशहाच्या चित्रसंग्रहांत युरोपातून आलेल्या छापील चित्रांचे तुकडे लघुचित्रांशेजारी चिकटविलेले आढळतात, आणि त्यांच्याभोवती चित्रकारांनी सोनेरी समास रंगविले आहेत. अशा संग्रहाला 'मुरक्का' म्हणत. त्या शब्दाचा मूळ अर्थच मुळी 'ठिगळे लावलेले' असा आहे!

आपल्या अधिक जवळचे उदाहरण आपल्याच देवघरांतले आहे. राजा रविवर्मा ह्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. तेथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी देशभर पसरल्या. कित्येक घरांतून ह्या तसबिरी तशाच लावल्या जात नसत. साडीच्या आकारावर खरे कापड, काठावर खरी जर, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी चिकटवून किंवा टाकून मग त्यांना काच घालीत. अशा तसबिरी आता संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्या नीट निरखल्या, तर एक शहाणपण दिसून येते. देवीचा चेहरा, हात आणि पाय ह्यांवर कधी काही चिकटविलेले नसते. कापडाच्या ठिकाणीच कापड येते, सोन्याच्या ठिकाणीच जर. पॅरिसच्या चित्रकाराने विचारपूर्वक जे केले, ते ह्या घरांतील हातांनी कोणी न शिकविता केले होते. चित्रवहीत चिकटकाम करू इच्छिणाऱ्याने पहिला धडा येथूनच घ्यावा. पानावर काही चिकटविण्यापूर्वी स्वतःला विचारावे, हा तुकडा चित्रात कशाच्या जागी येत आहे? उत्तर सापडले नाही, तर तो तुकडा पुन्हा पेटीत ठेवावा.

इंग्लंडमधील मेरी डिलेनी ह्या विधवा बाईंची कथाही ह्या संदर्भात आठवते. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांना टेबलावर पडलेल्या लाल कागदाच्या तुकड्यात आणि फुलाच्या पाकळीत रंगाचे विलक्षण साम्य दिसले. त्या क्षणापासून त्यांनी काळ्या रंगवलेल्या कागदावर पातळ कागदाच्या शेकडो बारीक कपच्या चिकटवून फुले घडविण्यास आरंभ केला. दहा वर्षांत, दृष्टी अधू होईपर्यंत, त्यांनी जवळजवळ हजार फुले केली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. क्वचित एखाद्या चित्रात त्यांनी झाडाचे खरे पानही बसविले आहे, आणि ते कोणते हे ओळखणे कठीण जाते. आपल्याकडे शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी ह्यांची दृष्टी १९५० नंतरच्या दशकात शस्त्रक्रियेनंतर पूर्णपणे गेली. त्यानंतर रंगीत कागद बोटांनी चाचपून, कापून, चिकटवून त्यांनी चित्रे केली. सत्यजित राय ह्यांनी १९७२ साली त्यांच्यावर अनुबोधपट काढला होता. कागदाला कडा असतात आणि कडा हाताला कळतात, हा कोलाजचा गुण त्यांच्या ह्या कामात जितका स्पष्ट होतो, तितका अन्यत्र क्वचितच होत असेल.

परंतु रायपुरात बसून लिहिताना मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या सोनाबाई रजवार. रायपूरहून उत्तरेला दूर, सरगुजा जिल्ह्यातील पुहपुटरा गावी त्यांचे घर. लग्नानंतर कित्येक वर्षे त्या घराबाहेर पडल्याच नाहीत. नवऱ्याची तशी इच्छा होती. लहान मुलाला खेळणी हवीत म्हणून त्यांनी अंगणातील माती मळून बाहुल्या व प्राणी केले, मग भिंतींवर मातीची उठावाची चित्रे केली, आणि बांबूच्या कामट्यांवर माती थापून जाळ्या उभ्या केल्या. रंगासाठी माती आणि स्वयंपाकघरातील मसाले. जाळीतून आलेल्या उन्हाची नक्षी समोरच्या भिंतीवर पडे आणि दिवसभर सरकत राही. भोपाळच्या भारत भवनासाठी लोककलेचा शोध घेणारे लोक १९८० नंतर त्या घरी पोहोचले, तेव्हा जगाला त्यांचे नाव कळले. १९८३ साली त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला आणि २००७ साली त्या वारल्या. त्यांची भिंत म्हणजे काही कोलाज नव्हे. मातीचे आकार तेथे चिकटविलेले वाटत नाहीत, भिंतीतूनच उगवल्यासारखे वाटतात. म्हणूनच त्यांचे स्मरण येथे करावयाचे. चित्रवहीतील तुकडाही असाच पानातून उगवलेला वाटला पाहिजे.

हे साधावे कसे? ह्याला दोनतीन साधे उपाय आहेत. पहिला उपाय असा की, तुकडा चिकटवून वाळला म्हणजे पानावरचाच एखादा रंग पातळ करून त्याच्या कडेवरून थोडा आत फिरवावा. रंग पानावरून तुकड्यावर गेला की कड विरघळते. दुसरा म्हणजे, तुकड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने अगदी हलकी सावली द्यावी. तिसरा मला स्वतःला अधिक आवडतो: कात्रीऐवजी कागद हातांनी फाडावा. रंगवलेला कागद फाडला, की फाटलेल्या काठावर आतील पांढरा कागद उघडा पडतो आणि लाटेच्या फेसासारखी रेघ मिळते. कोणता हात कोणीकडे ओढतो, त्यावर ही पांढरी रेघ दोहोंपैकी कोणत्या तुकड्यावर राहील हे ठरते. आधी रद्दी कागदावर करून पाहावे. इमारत, खिडकी, पायऱ्या अशा वस्तूंना कात्रीची कड शोभते. ढग, पाणी आणि डोंगर ह्यांना फाटलेली.

आता साहित्याविषयी. येथे जरा रेंगाळावे लागेल, कारण वह्यांची नासाडी होते ती बहुधा कल्पनेच्या उणिवेने नव्हे, तर चुकीच्या डिंकाने आणि घाईने. रायपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि जूनच्या मध्यापासून तीन-चार महिने हवा ओलसर राहते. अशा हवेत कागद फुगतो व आकसतो, आणि त्यावर चिकटविलेला दुसरा कागद तसा व तितकाच फुगला-आकसला नाही, तर पान वाकडे होते. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदाला एक उभी दिशा असते. ओला झाला की तो त्या दिशेला आडवा अधिक फुगतो. कागद हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज गोल होतो, ती घडी ह्या दिशेला समांतर असते. पानाची आणि तुकड्याची दिशा एकच ठेवली, तर सुरकुत्या पुष्कळच टळतात.

पान रंगवून पुरते वाळू द्यावे. ओल्या रंगावर चिकटविण्याचा मोह होतो, पण मग खालचा रंग वर येतो. चिकटविण्यास मैद्याची खळ उत्तम. एक वाटी मैदा आणि चार-पाच वाट्या पाणी थंड असतानाच गुठळी न राहता कालवावे, मंद आचेवर सतत ढवळीत शिजवावे आणि मिश्रण अर्धपारदर्शक झाले की उतरवून गाळून घ्यावे. ही खळ दोन दिवस टिकते. आंबट वास आला की टाकून द्यावी. पूर्वी किडीपासून बचाव म्हणून पुस्तके बांधणारे कारागीर खळीत मोरचूद घालीत. घरी तसे करू नये. मोरचूद विषारी असते आणि घरात मुले असतात. शिवाय त्यातील तांब्यामुळे कागद कालांतराने कमकुवत होतो. बाजारातला पांढरा डिंक लवकर धरतो आणि घट्ट धरतो, तोच त्याचा दोषही आहे. खळीने चिकटविलेला कागद ओल देऊन पुन्हा सोडविता येतो. पांढऱ्या डिंकाचा एकदा पक्का थर झाला, की कागद फाटेल पण सुटणार नाही. पारदर्शक चिकटपट्टी तर टाळावीच. काही वर्षांत ती पिवळी पडते, तिचा डिंक कागदात मुरतो आणि पट्टी मात्र गळून पडते.

खळ तुकड्याला मधून कडेकडे पातळ लावावी, तुकडा पानावर ठेवून वर स्वच्छ कागद घालावा आणि तळहाताने मधून बाहेर दाबीत न्यावे. मग वर-खाली मेणकागद घालून वही जड पुस्तकांखाली रात्रभर ठेवावी. हे दाबणेच बहुतेकजण विसरतात.

तुकडे निवडताना काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातील लिग्निन ह्या द्रव्यामुळे तो उन्हात पाहता पाहता पिवळा पडतो. तो पिवळेपणा चित्राला हवा असेल तर प्रश्नच नाही. घोटीव कागदाचा आणि पतंगी कागदाचा रंग पाण्याने सुटतो. ओल्या कापसाचा बोळा कोपऱ्यावर टेकवून आधी पाहावे. माझ्या भाचीच्या तरंगांचा निळा रंग असाच सुटला आणि चित्राला उलट शोभा देऊन गेला, पण दैव नेहमी इतके उदार नसते. हल्ली दुकानांतून व बसमधून मिळणाऱ्या बहुतेक पावत्या व तिकिटे उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात. त्यांवरील अक्षरे दोन-चार वर्षांत पुसट होतात. प्रवासाची आठवण म्हणून तिकीट चिकटवावयाचे असेल, तर त्याची झेरॉक्स प्रत चिकटवावी. फुले-पाने जाड पुस्तकात टीपकागदामध्ये दोन-तीन आठवडे पूर्ण वाळवून मगच वापरावीत; ओलसर पान वहीत बुरशी आणते. लुगड्याचा काठ लावताना मागे पातळ कागद खळीने चिकटवून मग कापावा, म्हणजे दोरे सुटत नाहीत. ह्यांतले पुष्कळसे सामान रायपूरच्या गोलबाजारात पूजेच्या आणि लग्नसाहित्याच्या दुकानांतून चार पैशांत मिळते. जरीचे तुकडे, टिकल्या आणि चमकी कागद पाहून तेथे हात आखडता घेणे मात्र अवघड जाते.

आणखी एक अडचण. चिकटकामाने पाने जाड होतात आणि वही मिटेनाशी होते. त्यासाठी वही सुरू करण्यापूर्वीच दर दोन पानांनंतरचे तिसरे पान शिवणीजवळ बोटभर पट्टी ठेवून कापून टाकावे. ती पट्टी शिवणीत राहिली, की नंतर येणाऱ्या जाडीला जागा मिळते. जुन्या छायाचित्रसंग्रहांची बांधणी अशीच असे. वही पावसाळ्यात बंद कपाटात महिनोन् महिने ठेवू नये. खळ कसरीला फार प्रिय आहे. पंधरा दिवसांनी एकदा पाने उघडून वारा द्यावा. कडुनिंबाच्या पाल्यावर सर्व भिस्त ठेवू नये.

इतके सांगून झाल्यावर पुन्हा त्या पत्राकडे येतो, कारण सर्वांत कठीण प्रश्न तोच आहे. जुने कागद चित्रात सुंदर दिसतात. त्यांना वापराचा रंग असतो, घड्या असतात, कोणाच्या तरी हाताचे वळण असते. आपल्यासारख्या घरांतून असे कागद पुष्कळ निघतात. रायपूरचा नागपूरशी संबंध भोसल्यांच्या काळापासूनचा. पुढे १९५६ पर्यंत दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती, आणि नोकरी-व्यवसायानिमित्त इकडे आलेल्या मराठी कुटुंबांच्या ट्रंकांत त्या जाण्या-येण्याची पत्रे साठली आहेत. त्यांतली कित्येक मोडीत आहेत. मोडी वाचणारी पिढी आता जवळजवळ सरली आहे, आणि जे वाचता येत नाही, ते लवकरच नुसती नक्षी होऊन बसते. म्हणून माझे मत असे आहे की, ज्याची दुसरी प्रत नाही, असा कागद कापून वा ओला करून वापरूच नये. त्याचे छायाचित्र घ्यावे, चांगल्या कागदावर छापावे आणि तो छापील कागद हवा तसा फाडावा, रंगवावा, चिकटवावा. चित्राला त्याने काही उणे पडत नाही. कोणी म्हणेल की, मूळ कागदातच जीव असतो. असेल, परंतु तेवढ्याचसाठी तो जीव वहीच्या एका पानावर खर्च करावा काय, ह्याचा निर्णय कागद ज्याचा असेल त्याने करावा, ज्याच्या हाती कात्री असेल त्याने नव्हे.

आमच्या पत्रापैकी खालचा अर्धा भाग सुदैवाने कापावयाचा राहिला होता. चिकटविलेल्या पट्ट्या सोडविण्याचा प्रयत्न आम्ही केला, परंतु पांढरा डिंक वापरलेला असल्याने तो सोडून द्यावा लागला. उरलेला भाग घेऊन भाची आणि मी मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून, मध्ये मध्ये थांबत, वाचून दाखविले. प्रवास सुखरूप झाला. कुरड्यांचा डबा कोणाबरोबर तरी पाठविला आहे. नागपुरास थंडी फार आहे. शेवटच्या ओळींपूर्वी कागद काठावर फाटला होता. तेथे इतकेच होते: "मुलगी कामाला कसूर करणार नाही, मात्र तिला पहाटे"... आणि पुढचा भाग डागात गेलेला.

घरी येऊन भाचीने हे सर्व आजीला जसेच्या तसे सांगितले. सांगताना तिचा आवाज कापत होता. आई भाजी निवडीत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"पहाटे लवकर उठवू नये, थंडी तिला सोसत नाही, असं होतं पुढे," ती म्हणाली. "मामंजींनी मला समोर बसवून सगळं पत्र वाचून दाखवलं होतं. आणि सांगते तुला, ते होते तोवर थंडीत मला कधी कोणी उठवलं नाही."

भाचीने त्याच रात्री चित्रवहीचे नवे पान घेतले. राखाडी, धुक्याचा रंग सगळ्या पानभर दिला. पतंगी कागद तीन बाजूंनी खळीने चिकटवून त्याचा एक खिसा केला आणि चौथी बाजू उघडी ठेवली. उरलेले पत्र त्या खिशात राहते. हवे तेव्हा बाहेर काढता येते. शेजारी तिने आजीचे वाक्य आपल्या अक्षरात लिहिले आहे, आणि खाली मोडीतून तेच वाक्य उतरवून घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यातली तीन अक्षरे चुकली आहेत, असे त्या गृहस्थांनी सांगितले.